ऑडिट झाले की आळंदी

चाकणला परदेशातून आलेला पाहुणा सोमवार ते शुक्रवार कुणाला जड जात नाही. लाइन पाहणे, मापे तपासणे, त्रुटींची यादी काढणे आणि त्या यादीवर वाद घालणे यात आठवडा सरतो. पेच पडतो शनिवारी. ऑडिट संपलेले, विमान रविवारी रात्रीचे, प्लांट हेडच्या घरी सत्यनारायण, आणि पाहुणा हॉटेलच्या खिडकीतून नाशिक महामार्गावर खोळंबलेले कंटेनर मोजत बसलेला. अशा वेळी एचआरमधली एखादी मुलगी म्हणते, "आपले काका आहेत ना! ते नेतील की देवळं दाखवायला."

या काकांचा कागदोपत्री हुद्दा काहीही असतो. कुठे ते क्वालिटीत असतात, कुठे स्टोअर्सला, कुठे परचेसमध्ये. खरे पद दर्शनप्रमुखाचे. पगारपत्रकात ते नाही, तरी चाकण, भोसरी, तळवडे पट्ट्यातल्या कुठल्याही बऱ्या कंपनीत ते भरलेले सापडते. माणूस पन्नाशी ओलांडलेला, मूळचा सातारा, सांगली, नगर नाहीतर लातूरकडचा. ऐंशीच्या दशकात आयटीआय करून पिंपरीत आला, एका खोलीत चौघांबरोबर राहिला, टेल्कोच्या भरतीची वाट पाहता पाहता एका व्हेंडरकडे चिकटला आणि तिथेच मुरला. आता थेरगावला फ्लॅट आहे. गळ्यात माळ नाही, पण तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम हलवून निघाली की दापोडीपर्यंत तिच्याबरोबर चालायचे, हा नेम आहे.

शनिवारी सकाळी साडेसातला काका हॉटेलच्या दारात हजर असतात. हातात कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात मिळालेली बॅग. तिच्यात पाहुण्यासाठी मोज्यांचा जोड (तापलेल्या फरशीवर गोऱ्या पायांचे काय होते, हे त्यांनी पाहिलेले आहे), हाफ पँटवाल्यांसाठी दोन उपरणी, पाण्याच्या बाटल्या, गूळ-शेंगदाणे आणि नारळ. नारळ, हार, पेढे यांचे बिल अकाउंट्सला कुठल्या खात्यात टाकायचे हा प्रश्न दरवेळी निघतो आणि दरवेळी 'कन्झ्युमेबल्स'मध्ये मिटतो. पेढ्यांच्या बाबतीत तरी ते खरेच आहे.

दौऱ्याचा पहिला नियम असा की हॅरिस पूल ओलांडायचा नाही. दापोडीच्या त्या पुलापलीकडे पुणे लागते. पाहुण्याने मोबाइलवर पुण्यातल्या देवळांची यादी काढून ठेवलेली असते आणि तीत दगडूशेठ हटकून वरच्या ओळीत असतो. काका यादीवर एक नजर टाकतात. "दॅट इज पुणे, सर. डिफरंट कॉर्पोरेशन." पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र महापालिका १९८२ साली मिळाली, तरी विमानाच्या तिकिटावर, कंपनीच्या लेटरहेडवर, जावयाच्या लग्नपत्रिकेवर सगळीकडे पुणेच छापतात, ही त्यांची जुनी जखम. दगडूशेठचा गणपती एकोणिसाव्या शतकातला, आमचा मोरया त्याच्या कितीतरी आधीचा, हे वाक्य गाडी सुरू होण्याआधी बोलून होते.

मग गाडी चिंचवडगावात शिरते आणि काकांना खरा कंठ फुटतो.

पवनेच्या काठावरचे मोरया गोसावींचे समाधीमंदिर ही त्यांची हक्काची जागा. "सर, धिस इज हेड ऑफिस. मोरगाव, थेऊर, सिद्धटेक, ब्रँचेस." ऐकणाऱ्याला ही थाप वाटेल, पण ती थाप नाही. अष्टविनायकांपैकी या तिन्ही ठिकाणांचा कारभार चिंचवड देवस्थान ट्रस्टच पाहतो. पुढची कथा अशी: मोरया गोसावी चिंचवडहून मोरगावला दर्शनाला जात. वय झाले, चालवेना. तेव्हा देवाने दृष्टांत देऊन सांगितले की आता तू येऊ नकोस, मीच येतो. आणि कऱ्हेत स्नान करताना त्यांच्या ओंजळीत मूर्ती आली. काका याचे भाषांतर दोन शब्दांत करतात, "ऑन-साइट सर्व्हिस." जर्मन पाहुणा मान डोलावतो. त्याच्या कंपनीने मागच्याच आठवड्यात ही सेवा नाकारलेली असते.

मोरया गोसावींचा काळ नेमका कोणता, यावर अभ्यासकांत एकमत नाही. काकांचे स्वतःशी आहे. देवळाच्या बांधकामाबद्दल मात्र ते पुराव्यानिशी बोलतात, कारण तिथल्या लेखात शके १५८० ला काम सुरू होऊन १५८१ ला पुरे झाल्याची नोंद आहे, म्हणजे इसवी सन १६५८ ते ५९. दगडी बांधकाम, नदीचा काठ, क्रेन नाही, आणि वर्षभरात काम खलास! इथे ते थांबतात आणि पाहुण्याला आदल्या दिवशी तळेगाव चौकात किती वेळ अडकला होता, ते विचारतात.

चिंचवडला परदेशी माणसाने देव पाहायला येणे यात नवे काही नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा कॅप्टन एडवर्ड मूर इथे येऊन गेला आणि मोरया गोसावींच्या वंशातल्या देवांवर त्याने 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये निबंध लिहिला. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला जिवंत देव, असा त्याचा विषय होता. पुढे १८१० साली त्याचे हिंदू देवदेवतांवरचे जाडजूड पुस्तक निघाले. मारिया ग्रॅहम या बाईंनीही चिंचवडची भेट आपल्या रोजनिशीत लिहिली. ती १८१२ साली छापली गेली. काकांना मूर फार आवडतो. "तेव्हासुद्धा कंपनीचेच पाहुणे यायचे, सर." ग्रॅहमबाईंचे मत तितकेसे बरे पडले नव्हते, म्हणून त्यांचा उल्लेख दौऱ्यात येत नाही. त्यांना कुणी नीट फिरवले नसणार, एवढेच काकांचे म्हणणे.

पाहुणा जपानी असेल तर गोष्ट वेगळ्याच वळणाला लागते. गणपती जपानात शोतेन किंवा कांगितेन या नावाने शेकडो वर्षे आहे. तोक्योत आसाकुसाजवळ मात्सुचियामा नावाच्या टेकडीवर त्याचे देऊळ आहे आणि तिथे त्याला चक्क पांढरा मुळा वाहतात. एखाद्या वयस्कर जपानी इंजिनिअरने हे सांगितले की काकांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. मुळा! दुर्वा, जास्वंद, मोदक, शमी हे सगळे समजू शकते. पण दर्शनप्रमुख कधी अडत नाही. "सर, लोकल सोर्सिंग," ते म्हणतात. जपानी माणूस कमरेत वाकून नमस्कार करतो, आणि सोमवारी त्रुटींच्या यादीतले दोन मुद्दे सौम्य झालेले दिसतात.

काकांचा एक दोष इथेच नोंदवला पाहिजे. त्यांना प्रत्येक गोष्ट शास्त्रीय असावी लागते. प्रदक्षिणेत चुंबकीय लहरी असतात, गंधाने मेंदू थंड राहतो आणि घंटेच्या नादाने जंतू मरतात. हे शेवटचे ते पिंपरीत राहून सांगतात याची कमाल वाटते. घंटेने जंतू मरत असते तर १९५४ साली सरकारला पिंपरीतच हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना कशाला काढावा लागला असता? पाहुणा सभ्य असतो, तो घंटा वाजवतो आणि पुढे चालू लागतो.

देहूला मात्र काका शास्त्राच्या वाटेला जात नाहीत. तिथे त्यांच्यातला क्वालिटीवाला जागा होतो. तुकोबांच्या गाथेच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि तेराव्या दिवशी त्या कोरड्या वर आल्या, ही कथा ते अहवालासारखी सांगतात. इमर्शन टेस्ट. कालावधी ३१२ तास. नमुना: कागद, देशी. निकाल: ओके. पाहुण्यांत कुणी गंजरोधक लेप तपासणारा असेल तर तो हा आकडा ऐकून गंभीर होतो. गाथा लोकांना तोंडपाठ होती म्हणून टिकली, असेही मानणारे आहेत. काका तेही नाकारत नाहीत. "बॅकअप होता, सर. पब्लिकमध्ये." मग ते गाथा मंदिरात नेतात. भिंतींवर संगमरवरात अभंग कोरलेले. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही असा माणूसही तिथे मान वर करून बराच वेळ फिरतो.

तुकोबा एकांतासाठी ज्या डोंगरांवर जात, त्यांतला भामचंद्र चाकणच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. काही कंपन्यांच्या गच्चीवरून तो दिसतो. वसाहतीपासून आणि खोदकामापासून हा डोंगर वाचवावा म्हणून वारकऱ्यांनी आंदोलने केलेली आहेत. काका भामचंद्र लांबूनच दाखवतात आणि एकांताबद्दल काही बोलत नाहीत. त्यांची कंपनी त्याच बाजूला आहे.

आळंदीला पोचेपर्यंत ऊन चढलेले असते. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी समाधी घेतली, हे ऐकून पाहुणा हमखास चमकतो. त्याच्या कंपनीत त्या वयाचा मुलगा ट्रेनी असतो. काका मात्र घाई करतात, कारण त्यांना भिंतीकडे जायचे असते. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटायला आले तेव्हा चारही भावंडे ज्या भिंतीवर बसून सामोरी गेली, ती भिंत. मोटारींच्या कारखान्यातल्या माणसाला ही कथा सांगण्यासारखा आनंद नाही. इंजिन नाही, स्टिअरिंग नाही, धूर नाही, चार जणांची आसनव्यवस्था. "इन धिस बेल्ट, सर, फर्स्ट व्हेइकल." इथे चाकणचा एखादा सहकारी बरोबर असेल तर लगेच भांडण लागते. कारण चाकणकरांच्या मते पट्ट्यातले पहिले वाहन दशरथाचा रथ. त्याचे चाक निखळून इथे पडले, म्हणून चक्रेश्वराचे देऊळ आणि म्हणून गावाचे नाव चाकण. म्हणजे ज्या गावात आज बजाज, महिंद्रा, मर्सिडीज आणि फोक्सवॅगन गाड्या बनवतात, तिथली सर्वांत जुनी आठवण गाडी बंद पडल्याची आहे. दशरथाच्या चाकाच्या आसात बोट घालून कैकेयीने गाडी चालती ठेवली आणि बदल्यात दोन वर घेतले. काकांच्या मते सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टमधल्या बारीक अक्षरांचा धोका पहिल्यांदा तिथे दिसून आला.

आळंदीत पाहुण्याला देवळाइतकीच आवडतात ती लग्ने. मंगल कार्यालयांनी गाव भरलेले. घरच्यांनी ठरवलेली लग्ने असतात तशी घरच्यांना न सांगता केलेलीही. दर थोड्या अंतरावर कुणीतरी अक्षता टाकतेय, कुणीतरी पळत येतेय. गल्लीतून वारकरी शिक्षण संस्थेतली मुले मृदंग घेऊन चालली असतात. जोग महाराजांनी ही संस्था १९१७ साली सुरू केली. एखाद्या फ्रेंच बाईंना वरपक्षाने जेवायला बसवल्याशिवाय सोडलेले नसते.

आणि मग इंद्रायणीचा घाट. पाहुणा फोटोसाठी थांबतो आणि विचारतो, पाण्यावर हे पांढरे काय आहे?

दर्शनप्रमुखाच्या दिवसातली ही एकच गडबडीची वेळ. मोरयाच्या ओंजळीतली मूर्ती आणि तेरा दिवसांची गाथा ज्याने लीलया समजावली, त्याला हा फेस समजावता येत नाही. तसे पाहिले तर समजावायला सोपा आहे. आळंदीला इंद्रायणी फेसाळल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार येतात, आणि त्यांत शुद्ध न केलेले सांडपाणी व कारखान्यांचे रसायनमिश्रित पाणी या दोन्हींकडे बोट दाखवलेले असते. काकांनी आयुष्यभर 'रूट कॉज' शोधण्याचे तक्ते भरले आहेत. पाच वेळा 'का' विचारले की मूळ सापडते, हे ते नव्या मुलांना शिकवतात. घाटावर पाहुणा एकदाच 'का' विचारतो आणि काका म्हणतात, "सर, थोडे इकडे उभे राहा, कळस छान येतो." फोटोत कळस येतो, नदी येत नाही. त्या आठवड्यात कंपनीचे सगळे ऑडिट झालेले असते, एवढे सोडून.

परतताना जागा दाखवायच्या राहिलेल्याच असतात. सोमाटण्याचा ७२ फुटी बिर्ला गणपती, शिरगावची प्रतिशिर्डी, घोरावडेश्वरची लेणी, प्राधिकरणातले केरळी धाटणीचे श्रीकृष्ण मंदिर. कारखान्यांमागे माणसे आली, माणसांमागे त्यांचे देव आले. काका त्या सर्वांना आपल्याच गावचे मानतात आणि गाडीतूनच हात जोडतात. मोबदला म्हणून त्यांना मिळते ते एक चॉकलेटचा डबा, परदेशी कंपनीचे नाव असलेले पेन, आणि 'मिस्टर काका' असा उल्लेख असलेला आभाराचा मेल, ज्याची प्रत प्लांट हेडला असते. या मेलची छापील प्रत ते जपून ठेवतात.

परवानाधारक गाइड त्यांच्यापेक्षा अचूक बोलेल यात शंका नाही. सनावळी नीट सांगेल, चुंबकीय लहरी गाळेल. पण त्याला चिंचवडच्या शिलालेखावरून तळेगाव चौकात आणि गाथेवरून गंज तपासणीत येता येणार नाही, आणि चाकणला आलेल्या माणसाला नेमके तेच हवे असते. काकांनी फक्त घाटावरच्या प्रश्नाचे उत्तर पाठ करावे. ते इंग्रजीतही फार अवघड नाही.

ज्यांना कंपनी नाही आणि काकाही नाहीत, त्यांनी एवढे पाहावे: भोसरी-पिंपरीतल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा त्या दिवशी शिरगावला गर्दी गृहीत धरावी. आणि पावसाळ्यात पवना धरणातून विसर्ग चालू असेल तर चिंचवडच्या समाधीमंदिरात पाणी शिरते. निघण्यापूर्वी चौकशी करून जावे.