गाईड सरांना परिवीक्षेवर ठेवा

मा. गाईड सर,


पीएच.डी.च्या विद्यार्थ्यासाठी आपण केवढा त्याग करता! त्याच्या स्वतंत्र विचारांवर आपली सावली पडू नये म्हणून महिनोन्महिने त्याला भेटतच नाही. धामणगाव बढेचा मुलगा पहाटे निघून मलकापूरला गाडी धरतो, बडनेऱ्याला उतरून अमरावती गाठतो आणि प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर स्वावलंबन शिकतो. नमुन्यांचे आकडे दर खेपेला वेगळे का येतात, हे त्याला विचारायचं असतं. संध्याकाळी सहामाही अहवालावर ‘समाधानकारक’ एवढा शेरा आणि सही मिळते. प्रश्न तसाच परत गाडीत बसतो.

नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. दर सत्रात विद्यार्थ्याने संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. ती असमाधानकारक ठरली आणि सुचवलेल्या सुधारणा त्याने केल्या नाहीत, तर समिती नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू शकते. त्या समितीचे निमंत्रक आपणच! म्हणजे मार्गदर्शन झालं की नाही हे उघड होण्याची जी एक जागा, तिथे झाडाझडती विद्यार्थ्याची. त्याची वर्षं वाया जातात. आपल्याकडची जागा तेवढी रिकामी होते आणि पुढचा उमेदवार दारात उभाच असतो.

परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशन, हा प्रकार विज्ञानात जुनाच आहे. १९३३ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला आणि त्या हटल्या नाहीत तेव्हा वर्षभराच्या परिवीक्षेवर घेतलं. त्याच संस्थेत श्रीनिवासय्यांसारखे कडक पण मनापासून शिकवणारे गाईड त्यांना लाभले. पुढे १९३९ साली त्यांची केंब्रिजची पीएच.डी. झाली. चांगला गुरू नियमाने घडत नाही, असं आपण म्हणाल. कबूल. पण श्रीनिवासय्या लाभणं नशिबावर सोडायचं, तर विद्यापीठ कशाला हवं? म्हणून आता परिवीक्षेवर गाईडला ठेवावं. पदवी हातात पडलेल्या प्रत्येकाला विद्यापीठाने दोनच गोष्टी विचाराव्यात: सर किती वेळा भेटले, आणि प्रकरणाचा कच्चा मसुदा किती दिवसांनी परत आला. नवे विद्यार्थी त्या उत्तरांवर द्यावेत.

आठवड्याला सोळा तास शिकवणं, रिकामी पदं, नॅकच्या फायली, ही आपली तक्रार रास्तच आहे. शासनाकडे ती करताना आम्हीही सोबत येऊ. पण वेळ दोघांपुरताच असेल तर चौघं घेऊ नयेत, एवढं त्यातून निघतं. मुलं सूड उगवतील, ही दुसरी भीती. एखादा उगवेलही, म्हणून एकट्यादुकट्याचं ऐकू नये. मात्र वेगवेगळ्या वर्षांचे चार जण, एकमेकांना न विचारता, तेच निरीक्षण नोंदवू लागले तर त्याचा निष्कर्ष कसा काढतात, हे विज्ञानाच्या प्राध्यापकाला मी काय सांगावं!

आपला नम्र,
धामणगाव बढेचा एक करदाता