डॉनच्या गादीचा वाद

एकदा खपलेल्या चित्रपटाचे नाव, त्यातील मुख्य पात्र आणि कानात बसलेली धून एवढे राखून बाकी मांडामांड नव्याने करण्याच्या उद्योगाला रीबूट म्हणतात, आणि एकाच नावाखाली ओळीने निघणाऱ्या अशा चित्रपटांच्या मालिकेला, जिच्यात नाव हीच खरी मालमत्ता असते व उरलेले सारे भाड्याने आणता येते, फ्रँचायझी म्हणण्याचा प्रघात आहे. या उद्योगात भांडवल निर्माता घालतो आणि श्रम नट करतो. मालकी मात्र प्रेक्षक सांगतो, व तीही तिकिटाच्या पैशावर वंशपरंपरेने मिळाल्यासारखी. ऑगस्ट २०२३ मध्ये फरहान अख्तर यांनी ‘डॉन ३’ची घोषणा करून शाहरुख खान यांच्या जागी रणवीर सिंग यांना उभे केले, तेव्हा हा मालकीहक्क डावलला गेल्याची तक्रार देशभरातून उठली आणि शाहरुख नाहीत तर डॉनही नाही, अशा आशयाचे हॅशटॅग, म्हणजे ज्यांच्या योगाने एकाच वाक्याला आंदोलनाचा दर्जा मिळतो त्या समाजमाध्यमी खुणा, झळकू लागले.

या पक्षाच्या तत्त्वज्ञानाला सोयीसाठी मूळनटवाद असे नाव देता येईल. पात्र आणि ते प्रथम वठवणारा नट यांचे अद्वैत असते, म्हणून त्या पात्राची वस्त्रे दुसऱ्या कोणी अंगावर घातली की तो आपोआप तोतया ठरतो, हे या मताचे मुख्य प्रमेय होय. पानिपतानंतर सदाशिवराव भाऊ म्हणून प्रकट झालेल्या तोतयाच्या बाबतीत पुणे दरबाराने निदान चौकशी केली होती, साक्षी नोंदवल्या होत्या; मूळनटवादी मात्र टीझर नावाची काही क्षणांची जाहिरातफीत पाहून, आणि पुष्कळदा ती पाहण्यापूर्वीच, निकाल देऊन मोकळे होतात. न्यायदानातील विलंबाविषयी हळहळणाऱ्यांनी या पद्धतीचा अभ्यास करायला हरकत नाही.

अडचण एवढीच की ज्या गादीवरून हा वाद माजला आहे, तिचे मूळ पुरुष शाहरुख खान नव्हेत. सलीम-जावेद यांनी लिहिलेला आणि चंद्रा बारोट यांनी दिग्दर्शित केलेला ‘डॉन’ १९७८ साली आला तो अमिताभ बच्चन यांना घेऊन, आणि त्याही आधी ही पटकथा चित्रपटसृष्टीतल्या अनेकांच्या दारावरून परत आली होती, त्यामुळे मूळचा अर्थ पहिला असा घ्यायचा ठरला तर नकार देणाऱ्यांचाही काही हिस्सा मान्य करावा लागेल. पुढे १९७९ मध्ये तेलुगूत एन. टी. रामाराव यांनी ‘युगंधर’मधून, १९८० मध्ये तमिळमध्ये रजनीकांत यांनी ‘बिल्ला’मधून आणि २००७ मध्ये पुन्हा तमिळमध्येच अजित कुमार यांनी त्याच नावाच्या चित्रपटातून ही गादी चालवली. शाहरुख खान २००६ साली तिच्यावर आले ते फरहान अख्तर यांच्याच हातून, आणि फरहान हे मूळ लेखकद्वयातील जावेद अख्तर यांचे चिरंजीव असल्यामुळे त्या वेळचे दत्तकविधान निदान घरातल्या घरात तरी झाले होते. त्या वर्षी छाती पिटणारे लोक बच्चनपक्षाचे होते आणि त्यांची वाक्ये आजच्या शाहरुखपक्षाने जवळजवळ जशीच्या तशी उचलली आहेत. फक्त तेव्हा ती वृत्तपत्रांच्या वाचकपत्रांत आणि पानाच्या ठेल्यांवर बोलली जात, त्यामुळे त्यांची एकूण संख्या कोणी मोजू शकले नाही.

यावरून मूळनटवादाचा एक पोटनियम हाती लागतो. मूळ नट चित्रपटाच्या सालावरून ठरत नाही, तर प्रेक्षक स्वतः साधारण चौदा वर्षांचा असताना पडद्यावर कोण होते यावरून ठरतो. त्या वयात मिसरूड फुटते, गणित सुटत नाही आणि नायकाची चाल आरशासमोर करून पाहता येते, तेव्हा जो दिसला तोच आद्य. त्याच्या आधीचे ते इतिहासजमा आणि नंतरचे ते भेसळ. हा नियम स्वीकारला की २००७ सालच्या जानेवारीतील हळहळही समजते. ‘डॉन’ येऊन तीन महिने होतात न होतात तोच शाहरुख खान ‘कौन बनेगा करोडपती’च्या तिसऱ्या पर्वात अमिताभ बच्चन यांच्या खुर्चीत बसले, आणि २०१० मध्ये ती खुर्ची मूळ धन्याकडे परत गेल्यावर अनेक घरांत न्याय झाल्याची भावना पसरली. तो कार्यक्रम मुळात ब्रिटिश होता व तेथे प्रश्न विचारणारे गृहस्थ वेगळेच होते, ही गोष्ट त्या आनंदात कोणी काढली नाही, आणि काढली नाही हे बरेच झाले.

मूळनटवादाची दुसरी मर्यादा अशी की तो नायकापाशी सुरू होतो आणि नायकापाशीच संपतो. १९७८ च्या चित्रपटातील पोलीस अधिकारी डिसिल्वा हे इफ्तेखार होते, रोमा झीनत अमान होत्या आणि दोरीवरून चालणारे जसजित प्राण होते; २००६ मध्ये या जागांवर अनुक्रमे बोमन इराणी, प्रियांका चोप्रा आणि अर्जुन रामपाल आले, तरी इफ्तेखार यांच्या टोपीसाठी रस्त्यावर उतरलेला एकही जनसमुदाय ज्ञात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘डॉन ३’साठी कियारा अडवाणी यांचे नाव जाहीर झाले, तेव्हा प्रियांकांच्या बाजूने आवाज उठला, पण त्याला आंदोलन म्हणणे अतिशयोक्ती होईल. अद्वैत हे पोस्टरवरील अक्षरांच्या आकारावर अवलंबून असते, असा याचा तात्त्विक निष्कर्ष आहे.

या मताचा सर्वांत सखोल अभ्यास करायचा तर महाराष्ट्राने ‘हेरा फेरी’त परेश रावल यांनी वठवलेल्या बाबूराव गणपतराव आपटे यांच्याकडे वळले पाहिजे. मे २०२५ मध्ये परेश रावल ‘हेरा फेरी ३’मधून बाहेर पडल्याचे कळले, अक्षय कुमार यांच्या निर्मितिसंस्थेकडून त्यांना २५ कोटी रुपयांच्या नुकसानभरपाईची कायदेशीर नोटीस गेली, आणि बाबूरावांशिवाय हेरा फेरी म्हणजे निव्वळ अधर्म असे एकमुखाने ठरले; जूनमध्ये रावल यांनी आपण परतत असल्याचे सांगितले आणि धर्म पूर्ववत झाला. त्यापूर्वी २०२२ च्या नोव्हेंबरात अक्षय कुमार यांच्या जागी कार्तिक आर्यन येणार अशी वार्ता आली होती, तेव्हा हाच आक्रोश अक्षय यांनी वठवलेल्या राजूच्या नावाने झाला होता, म्हणजे या एका चित्रपटाने न निघताच दोन आंदोलने पचवली होती. आता वंशावळ पाहू गेल्यास प्रियदर्शन यांचा २००० सालचा ‘हेरा फेरी’ हा सिद्दीक-लाल या दिग्दर्शकद्वयाच्या १९८९ मधील ‘रामजी राव स्पीकिंग’ या मल्याळम चित्रपटावर बेतलेला आहे, आणि तेथे बाबूरावांच्या जागी इनोसंट नावाच्या थोर विनोदी नटाने साकारलेले मन्नार मत्ताई आहेत, ज्यांच्याकडे बाबूरावांसारखे गॅरेज नसून उर्वशी थिएटर्स नावाची डबघाईला आलेली नाटक मंडळी आहे. तात्पर्य, आद्य आपटे हे केरळी ख्रिस्ती असून हिंदीत त्यांना गुजराती नटाने वठवले आहे, आणि कोकणस्थांच्या कुलवृत्तांतांत त्यांची नोंद सापडणे कठीण आहे. मराठी माणसाने, जो एरवी दुकानाच्या पाटीवरील अक्षरांचे माप घेतो, या बाबतीत कधी हरकत घेतली नाही. उलट जाड भिंगाचा चष्मा आणि गुंडाळलेले धोतर असे हे परप्रांतीय आपटे त्याने बिनतक्रार घरात घेतले, आणि ते इतके घरचे झाले की आता त्यांच्या रजेचा अर्जही त्याला सोसत नाही.

मराठी रंगभूमीवर हा विकार तुलनेने सौम्य असण्याचे कारण शोधण्यासारखे आहे. ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगमंचावर आले ते श्रीराम लागू यांच्यासह, पण पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशांनी गणपतराव बेलवलकर उभे केले, आणि प्रेक्षक मध्यंतरात बटाटेवडा खाता खाता कोणाचा बेलवलकर कोठे चढला व कोठे उतरला याचा हिशेब करीत राहिले. तेथेही तट होते व कडवे लागूपंथीय तर आजही सापडतात. परंतु नापसंती नोंदवायची तर तिकीट काढून तीन अंक बसावे लागे, आणि ही अट हॅशटॅगला नाही.

खुद्द ‘डॉन’ची कथा या साऱ्या वादात कोणी पाहिल्याचे दिसत नाही. मूळ चित्रपटात डॉन लवकरच मरतो आणि डिसिल्वा त्याच्याच चेहऱ्याचा विजय नावाचा साधा माणूस तयार करून टोळीत धाडतात. म्हणजे ज्या चित्रपटासाठी तोतयाविरुद्ध लढा चालू आहे, त्याचा नायक स्वतः तोतया आहे. डिसिल्वा मेल्यावर विजयचे खरे नाव मानायला कोणी तयार नसते, यात चाहत्यांच्या स्वभावाचे फार जुने चित्रण झालेले आहे. २००६ मध्ये फरहान अख्तर यांनी शेवट उलटा केला आणि तोतया समजला गेलेला माणूसच अस्सल डॉन निघाला. २०११ च्या ‘डॉन २’मध्ये तर हा डॉन बर्लिनच्या मेजवानीत हृतिक रोशन यांच्या चेहऱ्याचा मुखवटा चढवून नाचतो, त्यामुळे रणवीर सिंग हा देखील मुखवटाच असून शेवटच्या रिळात तो उतरेल आणि आतून शाहरुख निघतील, असा अर्थ लावण्यास मूळनटवाद्यांना संहितेचा पूर्ण आधार आहे. बच्चनपक्षाचे म्हणणे असे पडेल की शाहरुख निघाले तर त्यांचाही मुखवटा उतरवला पाहिजे, आणि त्यापुढे पटकथा नाकारणाऱ्यांचे वारस आपली मागणी घेऊन येतील. किती थर ठेवायचे याचा निर्णय अर्थात प्रत्येक थराचे मानधन पाहून निर्माते घेतील.