आशीर्वादाची छापील पावती

सोळाव्या शतकातील ख्रिस्ती धर्मसुधारणेची ठिणगी पापक्षमापत्रांवरून, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सूट मिळाल्याचे सांगणाऱ्या आणि पैसे मोजून घेतल्या जाणाऱ्या कागदांवरून, पडली. मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ मध्ये जर्मनीतील ज्या विटेनबर्गमध्ये या व्यवहाराला हरकत घेतली, त्याच गावात २०१७ मध्ये, सुधारणेच्या पाचशेव्या वर्षाच्या निमित्ताने, छातीवर टचस्क्रीन असलेला ‘ब्लेसयू-२’ हा यंत्रमानव उभा करण्यात आला, जो हात उंचावून, तळव्यांतून प्रकाश पाडून, भाविकाने निवडलेल्या भाषेत आशीर्वाद देई आणि हवा असल्यास तो कागदावर छापूनही देई. आशीर्वाद फुकट होता, एवढी सुधारणा मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. यंत्र मांडणाऱ्यांचा हेतू वाद घडवण्याचा होता, आणि तो साधला.

पुढे जून २०२३ मध्ये जर्मनीतीलच फ्यूर्ट येथील सेंट पॉल चर्चमध्ये सुमारे चाळीस मिनिटांची जी उपासना झाली, तिचे प्रवचन, प्रार्थना आणि गीते बहुतांशी चॅटजीपीटी या संवादयंत्राने रचली होती, आणि वेदीवरील मोठ्या पडद्यावर अवतार, म्हणजे संगणकाने घडवलेल्या मानवाकृती, ती निर्विकारपणे ऐकवत होते. श्रद्धा टिकवायची तर प्रार्थना करावी आणि नियमित चर्चला यावे, असे पडद्याने सांगताच मंडळी हसली. हाच उपदेश हाडामांसाचे पाळक पिढ्यानपिढ्या करत आले आहेत, आणि तेव्हा मंडळी हसत नाही, फारतर डुलकी घेते.