कसर

दादरच्या हिंदू कॉलनीतलं 'राजगृह' बाबासाहेबांनी पुस्तकांचा विचार करून बांधलं. हे वाचलं आणि मी डोंबिवलीतल्या आमच्या गॅलरीला काचा बसवून घेतल्या. प्रेरणा घ्यायची म्हटली की मी हात आखडता घेत नाही. १९१७ साली ते लंडनहून परतले, तेव्हा त्यांची पुस्तकं दुसऱ्या बोटीनं निघाली होती आणि ती बोट पाणतीर लागून बुडाली. आप्पा बळवंत चौक आणि माटुंग्याचा फुटपाथ इथून मी जमवलेली पुस्तकं टेम्पोनं, शिळफाट्यावरून, सुखरूप आली. चरित्रकाराची एक सोय तिथेच हुकली.

नियम एकच होता: कथा-कादंबऱ्यांना मज्जाव. त्या बायकोच्या, आणि आतल्या खोलीत. त्या ती वाचते, हा भाग वेगळा. बाहेरच्या कपाटात फक्त विचार. कुठला विचार कुठल्या फळीवर, हे ठरवायला मी सोफ्यावर वेगवेगळ्या उंचीच्या पाहुण्यांसारखा बसून पाहिलं. डोळ्यांच्या रेषेत फुले, आगरकर आणि ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुष तुलना'. १८८२ सालचं पुस्तक. पाहुण्यांची नजर हमखास त्यावर जाते. मी विनयानं मान खाली घालतो. त्याच वेळी ही चहाचा ट्रे घेऊन बाहेर येते आणि पाहुणे तिच्याकडे, मग पुस्तकाकडे, मग माझ्याकडे बघतात. पुस्तक एक फळी वर सरकवावं का, याचा विचार चालू आहे.

'शेतकऱ्याचा असूड' शेजारीच आहे. गॅलरीतली तुळस गेल्या उन्हाळ्यात माझ्या देखरेखीखाली वाळली.

सुतारानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काका, डबे ठेवणार की पुस्तकं?" मी दुखावून "पुस्तकं" म्हणालो. तो म्हणाला, "मग मध्ये आधार द्यावा लागेल. डब्यांचं काय, ते रिकामे होतात." मी ऐकलं नाही, आधारामुळे खंडांची रांग तुटून दिसली असती. विश्वकोशाचे खंड लागले आणि दिवाळीपर्यंत फळीनं पोट काढलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्र्यांनी वाईत बसून काय डोंगर उपसला, हे मला त्या प्लायवूडनं समजावलं. वाचून समजलं असतं, पण पहिल्या खंडात मी अजून 'अ' ओलांडलेला नाही.

आता कसरीबद्दल. हा विषय निघाला की घरातले उठून जातात, पण तुम्ही बसा. कसर म्हणजे ती चंदेरी, चपटी, शेपटाला तीन केस असलेली. दिवा लावला की फळीच्या फटीत सटकणारी. तिला पंख फुटत नाहीत. वयात आल्यावरही ती कात टाकत राहते, आणि अन्नावाचून कित्येक महिने काढते, जे माझ्या ओळखीतल्या एकाही विचारवंताला जमलेलं नाही. तिला ओल आवडते, म्हणजे डोंबिवली आवडणारच. बांधणीतली खळ हे तिचं पक्वान्न. म्हणून ती पुठ्ठ्यापासून सुरुवात करते, आणि मग कागद. ड्यूईसाहेबानं १८७६ साली जगातल्या सगळ्या ज्ञानाला दशांशात बसवलं. त्यात कीटक ५९५.७ ला येतात. कसरीला हे कुणी कळवलेलं नाही. ती तत्त्वज्ञानात असते, इतिहासात असते, आणि धर्मग्रंथ व धर्मचिकित्सा यांत काडीचा भेद करत नाही. 'गावगाडा' मी तेहतिसाव्या पानावर सोडला होता. ती परिशिष्टापर्यंत पोचली होती. डांबराच्या गोळ्या झाल्या, वेखंड झालं, कडुलिंबाचा पाला झाला. आमच्या भाषेनं उणिवेला आणि ह्या किड्याला एकच शब्द दिला, तो काय उगाच? माझ्या वाचनात जी कसर राहिली होती, ती कसरीनंच भरून काढली.

तर गोळ्या बदलायला परवा खालचा कप्पा उपसला, तेव्हा मागच्या बाजूला अण्णांचं रेल्वेचं वेळापत्रक सापडलं. मध्य रेल्वे, १९८१. अण्णांनी आयुष्यभर डोंबिवली-व्हीटी एवढाच प्रवास केला, पण रोज रात्री जेवणानंतर ते वेळापत्रक वाचायचे. कुठली गाडी मनमाडला किती मिनिटं थांबते, दौंडला कुठली चुकते, सगळं तोंडपाठ. मी कॉलेजात होतो, मार्क्स नुकताच विकत घेतलेला. "ह्यात वाचण्यासारखं काय आहे?" असं मी त्यांना एकदा चारचौघांत विचारलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पान उलटलं.

कसरीनं पुठ्ठा चाटून पुसून नेला होता, आतली पानं शाबूत. काशीच्या गाडीच्या पानावर शिसपेन्सिलीच्या खुणा होत्या. भुसावळपुढे 'चहा'. इटारसीपुढे 'पाणी भरणे'. आणि समासात बारीक अक्षरात हिशेब: दोन पूर्ण, एक अर्धं. अर्धं ताईचं असणार, ती धाकटी असूनही तिला आम्ही सगळे ताईच म्हणायचो. तीनच तिकिटं. मी जोरानं पान उलटलं, तर मागे दुसरा हिशेब होता, तिथे तीन पूर्ण, एक अर्धं, आणि खाली रेघ मारून 'येईल का विचारणे'.

विचारलं नाही त्यांनी. किंवा विचारलं असेल आणि मी मार्क्समध्ये असेन.

रेल्वे ३८५ मध्ये येते. चिठ्ठी चिकटवायला पाठीला पुठ्ठाच नव्हता, म्हणून हातात धरून बसलो. व्हीटी सुटलं, कल्याण गेलं, इगतपुरीचा घाट आला. आजूबाजूला गोळ्यांचा वास आणि जमिनीवर सगळे सुधारक पालथे पडलेले.

"अहो, चहा टाकू का?" आतून आवाज आला.

"भुसावळला," मी म्हणालो.