बाक बदलला की नियम बदलणाऱ्यांना

निडी, जि. रायगड

विधानसभेतल्या दोन्ही बाजूंच्या माननीय सदस्यांनो,

हे पत्र एकाच पक्षाच्या नावानं लिहिता आलं असतं, तर सोपं होतं. पण गुन्हा तुम्ही सगळ्यांनी वाटून घेतलाय.

आमच्याकडे सरपंचावर अविश्वासाची नोटीस आली की तहसीलदाराला सात दिवसांच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. तहसीलदार पेणचा असो की रोह्याचा, सोयीची तारीख शोधत त्याला बसता येत नाही. तुमच्या अध्यक्षांची जागा मात्र नाना पटोले यांनी 4 फेब्रुवारी 2021 रोजी राजीनामा दिल्यावर रिकामी झाली आणि 3 जुलै 2022 पर्यंत रिकामीच राहिली. जवळजवळ सतरा महिने! घटनेचं 178वं कलम अध्यक्ष शक्य तितक्या लवकर निवडा असं सांगतं, दिवस मोजून देत नाही. ते काम तुमच्या नियमपुस्तकाचं होतं.

ते पुस्तक तुम्ही उघडलंत, पण कशासाठी? डिसेंबर 2021 मध्ये तेव्हा सत्तेत असलेल्या महाविकास आघाडीनं अध्यक्ष-निवडीचे नियम 6 आणि 7 बदलले. गुप्त मतदान गेलं, उघड मतदान आलं. हरकतींची दहा दिवसांची मुदत एका दिवसावर आली. आपलेच आमदार फुटतील ही भीती तुम्ही नियमात लिहून ठेवलीत. भाजपनं हे घटनाबाह्य ठरवलं. त्यांचे आमदार गिरीश महाजन उच्च न्यायालयात गेले, दहा लाखांची अनामत भरली, मार्च 2022 मध्ये याचिका फेटाळली गेली आणि ती रक्कमही जप्त झाली. तेव्हाचे राज्यपाल कोश्यारी यांनी निवडणुकीची तारीख दिलीच नाही.

मग आघाडीचं सरकार पडलं. त्याच राज्यपालांनी नव्या सरकारला काही दिवसांतच तारीख दिली. त्याच बदललेल्या नियमांनी एकेक सदस्य उभा राहिला, शिरगणती झाली: भाजपचे राहुल नार्वेकर 164, आघाडीचे राजन साळवी 107. घटनाबाह्य म्हणून हिणवलेली पद्धत भाजपला त्या दिवशी चालली. तारखेसाठी राजभवनाचे उंबरे झिजवणाऱ्या आघाडीला आता तारीख एवढ्या लगबगीनं कशी मिळाली, याचा संताप आला. लाज कुणालाच वाटली नाही.

अध्यक्ष नसतानाच, 5 जुलै 2021 रोजी भाजपचे बारा आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले. सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2022 रोजी हे निलंबन रद्द केलं, कारण ते अधिवेशनापलीकडे नेता येत नाही. एवढं तुमच्या नियम 53 वरूनही कळत होतं. बारा मतदारसंघांतल्या लोकांनी काय गुन्हा केला होता?

नंतर अध्यक्षांपुढे आमदारांच्या अपात्रतेच्या याचिका आल्या. शिवसेनेतल्या जून 2022 च्या बंडाचा निकाल 10 जानेवारी 2024 रोजी लागला, तोही सर्वोच्च न्यायालयानं आधी 31 डिसेंबरची मुदत घालून मग दहा दिवस वाढवून दिले तेव्हा. अशा याचिका साधारण तीन महिन्यांत निकाली काढाव्यात, असं त्याच न्यायालयानं मणिपूरच्या प्रकरणात 2020 सालीच सांगितलं होतं. दीड वर्ष आम्हाला ठाऊक नव्हतं की ज्यांच्या मतांवर सरकार उभं आहे ते आमदार आहेत की नाहीत. त्या काळात कायदे झाले, अर्थसंकल्प मंजूर झाले.

आम्हाला तुमच्यातल्या कुणाचा अध्यक्ष हवा, हा प्रश्नच नाही. आम्हाला हवेत ते नियम असे: अध्यक्षांची जागा रिकामी झाल्यापासून तीस दिवसांत निवडणूक, तारीख आली नाही तर एकतिसाव्या दिवशी सभागृह स्वतःच निवड करील. अपात्रतेचा निकाल नव्वद दिवसांत. आणि निवडीच्या नियमातला कोणताही बदल चालू रिकाम्या जागेला लागू नाही, पुढच्या वेळेपासून. राज्यपालांचा किंवा घटनेचा अडसर असेल तर तसा ठराव करून दिल्लीला पाठवा.

हा मसुदा नियम समितीपुढे ठेवायला आज सत्तेत असलेल्यांपैकी एक आणि विरोधातला एक, अशा दोघांच्या सह्या हव्यात. त्या दोघांची नावं आम्हाला कळवा.

निडीतला एक मतदार