दोन अक्षरांचा पॅच

लिनक्स कर्नलच्या एका कॉमेंटमध्ये 'रिसीव्ह'चं स्पेलिंग चुकलेलं दिसलं आणि मला जगाच्या उपयोगी पडायची हुक्की आली. आय आणि ई यांची अदलाबदल, बस्स. भिलाईच्या क्वार्टरमध्ये बसून लिनक्स सुधारणारा मराठी माणूस, असा मथळाही मी मनात छापून टाकला.

रीत सोपी आहे. मूळ सोर्सची एक कोरी प्रत, शेजारी बदल केलेली दुसरी. 'डिफ'ने दोन्हींतला फरक काढायचा, तोच पॅच. १९८५ साली लॅरी वॉलने 'पॅच' हा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हापासून जग हेच करत आलं आहे.

मी मात्र अक्षरं बदलल्यावर त्याच प्रतीत अख्खा कर्नल बिल्ड केला. कॉमेंटमधल्या स्पेलिंगने मशीन बंद पडलं तर, ही काळजी! मग 'डिफ -यूआरएन' चालवलं. यातल्या 'एन'मुळे, एका बाजूला नसलेली फाइलही पॅचमध्ये पूर्ण उतरते. डॉट-कॉन्फिग, आपोआप तयार झालेल्या हेडर फायली, डॉट-सीएमडीचा ढीग, एडिटरने मागे ठेवलेले बॅकअप, सगळे आत शिरले. स्क्रीन सरकायची थांबेना.

बाबा मागे येऊन उभे राहिले. भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमधून रिटायर झालेला माणूस.

"काय दुरुस्त केलंस?"

"दोन अक्षरं."

"आणि हे बाकीचं?"

"बिल्डची घाण आहे ती."

"आमच्याकडे स्लॅगचं निदान सिमेंट तरी होतं," म्हणत ते चहा टाकायला गेले.

झोंबलं. सफाईसाठी कर्नलमध्ये तीन पायऱ्या आहेत. 'मेक क्लीन' कॉन्फिगला हात लावत नाही. 'मेक एमआरप्रॉपर' तेही पुसतं. 'डिस्टक्लीन' त्यावर एडिटरचे बॅकअपसुद्धा उचलतं. एमआरप्रॉपर म्हणजे मिस्टर प्रॉपर, हे युरोपातल्या घरसफाईच्या द्रावणाचं नाव, ही माहिती मी मोठ्या गोडीने वाचली. त्याखालची डॉट-कॉन्फिगची ओळ सोडली आणि थेट 'डिस्टक्लीन' चालवलं. वायफाय चालावं म्हणून रात्री जागून जमवलेलं ते कॉन्फिग क्षणात गेलं. त्याची जुनी प्रत होती की, डॉट-कॉन्फिग-डॉट-ओल्ड नावाची. तीही त्याच झाडूत गेली.

अखेर पॅच निघाला. एक वजाची ओळ, एक अधिकची. बाबांनी चष्मा लावून पाहिला.

"वजाच्या ओळीत स्पेलिंग बरोबर आहे, अधिकच्या ओळीत चूक. असंच पाहिजे होतं?"

डिफला मी नवी प्रत आधी दिली होती, जुनी नंतर. बरोबर शब्द शोधून तो चुकवणारा, अत्यंत स्वच्छ पॅच तयार झाला होता.

तेव्हा वाचकहो, बिल्ड वेगळ्या डिरेक्टरीत करा, डिफला जुनी प्रत आधी द्या आणि डॉट-कॉन्फिगची नक्कल सोर्सच्या बाहेर ठेवा. गिट वापरत असाल तर 'गिट क्लीन'ला पहिल्यांदा '-एन' लावा. काय काय पुसणार ते तो नुसतं सांगतो, पुसत नाही.