फुकटचा खेळ

गोल्फ श्रीमंतांचा, डिस्क गोल्फ आपल्यासारख्यांचा, असं अमेरिकेत नव्याने गेलेल्याला कोणीतरी सांगतंच. खोटं नाही. सार्वजनिक उद्यानांतली बरीचशी मैदानं फुकट. चेंडूऐवजी प्लास्टिकची तबकडी आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली. १९७५ साली एड हेड्रिक यांनी कॅलिफोर्नियात पहिलं कायमचं मैदान आखलं, तेव्हा तर टोपल्याही नव्हत्या, नुसते खांब.

आता लांब फेकायला ड्रायव्हर, मधल्या पल्ल्याला मिडरेंज, टोपलीजवळ पटर. वर प्रत्येक तबकडीला वेग, तरंगणं, वळणं नि शेवटी कलणं यांचे चार आकडे. पत्रिकेत इतके गुण कोणी बघत नाही! 'सहज, पाय मोकळे करायला' म्हणून गेलेला गृहस्थ लवकरच पाठीवर तबकड्यांची बॅग लादून, चिमूटभर गवत उडवून वारा तपासताना दिसतो. तबकडी मात्र समोरच्या झाडालाच लागते. दोष अर्थातच प्लास्टिकचा. म्हणजे नवी घेणं आलं.

हेड्रिक २००२ मध्ये वारले. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांची राखही तबकड्यांत मिसळण्यात आली. घ्या, फावल्या वेळचा छंद!